उजेडाकडचा गाल

चित्रासमोर गेल्यावर आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. घराबाहेर बोडक्या डोक्यानं मी त्यांना फक्त कुणाच्या मयतीलाच पाहिलं होतं.

"हीच का हो आबा?" मी विचारलं.

ते टोपीची घडी घालत आणि उलगडत राहिले.

"आबा, आईच ना ही?"

"गोठा आपलाच हाय," ते म्हणाले. "ती मेढ बघ, मधनं चिरलेली. त्या मेढीला म्हस बांधायचो."

"आणि ही बाई?"

"चल, बसू या कुठंतरी. पाय भरून आलं."

पण ते हलले नाहीत, आणि मीही हलले नाही.

कोल्हापुरात दसरा चौकाजवळच्या एका हॉलमध्ये शामराव आडूरकर या म्हाताऱ्या चित्रकारांच्या जन्मभराच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. मी तेव्हा गारगोटीच्या पोस्टात कामाला होते, वय तिशीला टेकलेलं. पेपरात बातमी होती आणि बातमीत आमच्या वाडीचं नाव होतं: 'वाघजाईवाडीतला गोठा'. ते वाचलं आणि पेपर तसाच घडी करून मी पिशवीत ठेवला. मी लहान असताना मामा एकदा बोलून गेला होता, "तुझ्या आईचं चित्तर काढलंय कोल्हापूरच्या पेंटरनं. मुद्दाम गोठ्यात बसवून काढलंय." मी आबांना विचारलं तर "काढलं असंल," एवढंच म्हणून ते वैरण घालायला निघून गेले. पुढं मामाही वारला आणि तो विषय तिथंच राहिला.

मी दीड वर्षाची असताना माझी आई गेली. पावसाळ्यात ताप आला, ओढ्याला पाणी होतं, वाडीतून बाहेर काढता आलं नाही. तिचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला बोलवायची पद्धत आमच्याकडं तेव्हा नव्हतीच. तिचं नाव तानूबाई, ती उंच होती आणि तिचा आवाज मोठा होता, एवढं मला बायकांकडून कळलेलं. मला तिचं काहीच आठवत नाही, वाससुद्धा नाही. आरशासमोर उभी राहिले की मी आबांचं नाक, आबांच्या भुवया बाजूला काढायची आणि उरलं ते आईचं असेल म्हणून बघत बसायची.

म्हणून बातमी वाचल्यावर मी आबांच्या मागंच लागले. "गुडघे दुखत्यात", "एष्टीत गर्दी असतीया", "चित्तर बघून काय हुतंय", अशी सगळी कारणं त्यांनी सांगून पाहिली. शेवटी म्हणाले, "तू जाऊन ये की एकटी." मी म्हणाले, "मी कशी ओळखणार, आबा? तिला जवळून बघितलेलं माणूस तुम्हीच एक उरलाय."  दुसऱ्या दिवशी धोतर बदलून ते स्टँडवर आले.

लांबून पाहिलं तर ते चित्र म्हणजे दुपार उतरतीला लागलेली असताना आमच्या गोठ्याचं आतलं अंग होतं. डावीकडं उघडं दार, दारातून आत पसरलेलं ऊन. कौलांच्या फटींतून उन्हाच्या तिरिपी खाली उतरलेल्या आणि त्यांत गवताचा भुसा तरंगत असलेला. कोपऱ्यात भाताच्या पिंजराची रास, तिच्यापुढं बसलेली म्हैस. आढ्याला काहीतरी पांढरं टांगलेलं. आणि दाराजवळ, उजेडात, मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई. नाचणी निवडत असावी. सगळं इतकं जिवंत की म्हैस आता शेपटी हलवील असं वाटावं.

मी तिचं तोंड बघायला पुढं झाले. एक पाऊल, दोन पावलं. आणि जवळ गेले तसं सगळं विस्कटलं. म्हैस राहिली नाही, पिंजर राहिलं नाही. नुसते रंगांचे जाडजाड फटकारे. बाईच्या तोंडावर डोळे नव्हते, नाक नव्हतं, ओठ नव्हते. कपाळाला तांबूस रंगाचा एक हात, कानापाशी पिवळा ठिपका, गालावर जांभळा डाग आणि त्याच्या कडेनं थोडं हिरवट पिवळं. बस्स, एवढंच. मी मागं सरकले, तर बाई परत आली. पुढं गेले, बाई गेली. मी किती वेळा पुढंमागं केलं कोण जाणे, हॉलमधला शिपाई माझ्याकडं बघायला लागला. तीस वर्षं वाट बघून आई भेटली होती, आणि तिला चेहरा नव्हता.

तेवढ्यात एक प्राध्यापक चित्रकलेच्या मुलामुलींचा घोळका घेऊन तिथं आले. आम्ही दोघं बाजूला झालो.

"आडूरकरांच्या या चित्रात काळा रंग शोधून दाखवा," प्राध्यापक म्हणाले. "सापडणार नाही. म्हैससुद्धा काळी नाही. निळा, किरमिजी, हिरवा. इम्प्रेशनिस्ट माणूस उजेडाच्या मागं पळत असतो. उजेड थांबत नाही, म्हणून तो नाकडोळे काढत बसत नाही. त्या घटकेला डोळ्याला जे दिसलं, तेवढंच तो ठेवतो."

एक मुलगी पुढं वाकून बघत होती. "सर, पण उजेड तर डावीकडून येतोय. मग दाराकडच्याच गालावर ही जांभळी सावली कशी?"

प्राध्यापक खूश झाले. "या चित्राबद्दल सगळे हेच विचारतात! ही सावली नाहीच. हा रंगाचा विचार आहे. उन्हाच्या पिवळ्याशेजारी जांभळा ठेवला की पिवळा पेटून उठतो. उजेडाकडच्या गालाला जांभळा लावायला छाती लागते. या एका डागासाठी आडूरकरांचं नाव झालं, मुंबईचं पदक मिळालं."

मुलं वहीत उतरून घ्यायला लागली. माझा ऊर भरून आला. ती माझी आई आहे, असं त्या पोरापोरींना ओरडून सांगावंसं वाटलं. "आबा, ऐकलंत का?" म्हणून मी वळले, तर आबा तिथं नव्हते.

ते बाहेर पायरीवर बसले होते. टोपी परत डोक्यावर होती, पण वाकडी. मी शेजारी बसले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"आईच आहे ना?"

"व्हय," ते म्हणाले. "तीच हाय. आता घराकडं चल, अन्सा."

मला वाटलं, दुःख आहे. इतक्या वर्षांनी बायको दिसली, माणूस हलणारच. गाडीत त्यांना खिडकीची जागा दिली. गारगोटी येईपर्यंत ते बाहेर बघत राहिले आणि मी त्यांच्याकडं.

आबांबद्दल इथं सांगायलाच हवं. आई गेल्यावर त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. भावकीतल्या लोकांनी किती सांगितलं, मुली दाखवल्या, त्यांनी ऐकलं नाही. माझी वेणी तेच घालत. शाळेतल्या मुली हसायच्या, कारण वेणी एका बाजूला तिरकी यायची, पण केस कधी ओढले गेले नाहीत. इतका हलका हात. वाडीतली मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी.

पुढं माझं लग्न निपाणीकडं झालं. त्या घरातल्या गोष्टी मी फार सांगत नाही. नवरा मारायचा, एवढं पुरे. मी माहेरी काही कळवलं नव्हतं. आबा एकदा सहज म्हणून मला भेटायला आले, मी पाण्याचा तांब्या पुढं केला, पदर सरकला आणि त्यांना माझा दंड दिसला. त्यांनी पाणी घेतलं नाही. उठून आतल्या खोलीतून माझी ट्रंक आणली आणि डोक्यावर घेतली. सासरे म्हणाले, "पाव्हणं, संसारात भांड्याला भांडं लागतंय." आबा म्हणाले, "जिथं हात उगारत्यात, त्या घरात माझी लेक ऱ्हाणार न्हाई." रस्त्यानं ते पुढं आणि मी मागं. स्टँडपर्यंत त्यांनी ट्रंक मला धरू दिली नाही. लोक काय म्हणतील याची पर्वा त्यांनी कधी केली नाही. माझी परीक्षा, माझी नोकरी, माझं एकटीचं नाव दाराबाहेरच्या पाटीवर, सगळ्याला ते उभे राहिले.

असा माझा बाप. त्यामुळं प्रदर्शनावरून आल्यावर ते दोन दिवस गप्प राहिले तेव्हा मला त्यांची दया आली. आणि एक गोष्ट मनात धरली. चित्राला चेहरा नव्हता, पण चित्र काढणाऱ्यानं तो पाहिलेला होता. आबांना विचारलं की ते म्हणत, "तुझ्यासारखीच हुती," आणि उठून जात. पण आडूरकर जिवंत होते. त्यांना विचारता येईल, माझी आई दिसायला कशी होती.

रविवारी मी चप्पल घालताना आबांनी विचारलं, "कुठं?"

"कोल्हापूरला. आडूरकरांकडं."

"कशाला?" ते एकदम मोठ्यानं म्हणाले. मग आवाज उतरवून, "म्हातारा माणूस. त्याला काय आठवणार हाय?"

"बघते तर खरं."

"नगो जाऊस, अन्सा."

"आबा, तुम्ही सांगत नाही. मग दुसऱ्या कुणाला विचारू नको?"

ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मी वळणावर जाऊन मागं पाहिलं तेव्हाही तिथंच होते.

आडूरकर मंगळवार पेठेत एका बोळात राहत. सुनेनं दार उघडलं, "पाच मिनिटंच बसा हं, त्यांना दम लागतो," असं बजावलं आणि आत नेलं. खुर्चीत पाय वर घेऊन एक बारीक म्हातारा बसला होता. पाय सुजलेले, पण डोळे लखलखीत. भिंतींवर एकही चित्र नव्हतं, सगळी प्रदर्शनाला गेली होती. नुसते खिळे दिसत होते.

"वाघजाईवाडीच्या गोठ्यातल्या बाईबद्दल विचारायचंय," मी म्हणाले.

ते हसले. "गालाबद्दल ना? सगळे तेच विचारतात. तुम्ही पेपरच्या?"

"नाही. मी त्यांची मुलगी."

त्यांचं हसणं गेलं. ते माझ्याकडं असे बघायला लागले की मी पदर सारखा केला. मग म्हणाले, "आढ्याला झोळी टांगली होती. पांढऱ्या लुगड्याची."

"ते पांढरं म्हणजे झोळी?"

"तूच होतीस त्यात. सारखी रडायचीस. ती पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून तुला झोका द्यायची आणि हातानं नाचणी निवडायची." अहोजाहो गळून पडलं होतं. "दौलू कसा आहे? तुझा बाप?"

"बरे आहेत. माझ्याजवळ असतात. त्यांनी पाहिलं चित्र, परवा."

"दौलूनं पाहिलं?"

"हो. फार हलून गेले. बायको दिसली ना."

आडूरकरांनी सुनेला हाक मारून पाणी मागितलं. पाणी प्यायले आणि तिला म्हणाले, "दार ओढून घे, बाळ."

"मी आईबद्दल विचारायला आलेय," मी म्हणाले. "ती दिसायला कशी होती, एवढंच. मला तिचा चेहरा माहीत नाही."

"सगळं ऐकायचंय का फक्त तेवढंच?"

मी म्हणाले, "सगळं." तेव्हा मला काय ठाऊक!

"मी उन्हाळ्यात सायकलवर रंगाची पेटी बांधून फिरायचो," ते सांगायला लागले. "तुमच्या वाडीच्या शाळेत मुक्काम होता. एक दिवस तुमच्या गोठ्याशेजारनं जाताना आतला उजेड बघितला आणि सायकल टाकून उभा राहिलो. दौलूनंच मला आत बोलावलं. ताक दिलं. म्हणाला, बसा की, काढा काय काढायचं ते. चांगला माणूस वाटला. पहिल्या दिवशी तुझी आई नुसती हसत होती. असा मोकळा आवाज! म्हणाली, म्हशीचं काय काढताय, म्हशीला काय कमी पडलंय! दुसऱ्या दिवशीही बसली. पदर कपाळावर यायचा, तोंडावर अंधार पडायचा. मी म्हणालो, बाई, जरा पदर मागं घ्या. तिनं घेतला. एवढंच. दौलू तेव्हा दारात उभा होता."

ते थांबले. दम खाल्ला.

"तिसऱ्या दिवशी गेलो. ती बसली होती. दाराकडच्या गालावर," त्यांनी स्वतःच्या गालाला बोट लावलं, "इथं, डोळ्याखाली, असं सुजून काळंनिळं झालेलं. मी पेटी उघडलीच नाही. म्हणालो, बाई, आज राहू दे. नाहीतर तोंड पलीकडं करा, मी तिकडनं काढतो. तर ती काय म्हणाली माहीत आहे? 'काल हिकडनंच काढत हुतासा न्हवं? मग आज काय झालं? दिसतंय ते काढा.' आणि तिनं पदर होता त्यापेक्षा मागं घेतला. गाल उजेडाकडं केला, आणि बसली."

बोळातून भाजीवाली ओरडत गेली. 

"मी काढलं," आडूरकर म्हणाले. "रंग असे लागत गेले की पुन्हा जन्मात कधी तसे लागले नाहीत. पुढं लोकांनी डोक्यावर घेतलं. उजेडाकडच्या गालाला जांभळा, काय कल्पना आहे! मी कुणाला बोललो नाही. काय बोलणार होतो? बाईनं सांगितलं दिसतंय ते काढा, मला दिसलं ते मी काढलं. त्यापुढं काही करायला पाहिजे होतं का? रोज वाटतं. पण परक्याच्या गोठ्यात ताक पिऊन बसलेला मी पाहुणा. काय करणार होतो?"

सुनेनं दिलेली पाच मिनिटं कधीच संपली होती. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय मला उठता येत नव्हतं.

"जांभळ्याच्या कडेला थोडं हिरवट पिवळं आहे. ते?"

त्यांनी मान खाली घातली. "ते कुणी विचारत नाही. ऊन वाटतं सगळ्यांना."

"ऊन नाही?"

"नाही."

त्यांनी पुढं काही सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. मार नवा असला की जांभळा असतो. आठवडा गेला की कडेनं पिवळा पडत जातो, हिरवट. निपाणीच्या घरात आरशासमोर दंड वळवून मी तो रंग रोज पाहिला होता. पदर मागं घेण्याआधीचा होता तो वळ. चित्रकार आमच्या वाडीत यायच्याही आधीचा.

"चित्र पुरं झालं तेव्हा तिला दाखवलं," आडूरकर म्हणाले. "जवळ येऊन बघितलं आणि म्हणाली, ह्यात मी कुठं हाय? मी म्हणालो, दारापर्यंत मागं जा आणि बघा. ती तुला कडेवर घेऊन दारात गेली. खूप वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, हां, आता दिसतंय. झालं. मी सायकल काढली."

"आणि चेहरा?" मी म्हणाले. "डोळे कसे होते तिचे? नाक? मी दिसते का तिच्यासारखी?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आठवतायत. मी खुर्चीच्या काठावर सरकून बसले. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते भरले होते.

"तुला खोटं सांगू का? सांगता येईल. पण आठवत नाही, पोरी. तो गाल आठवतो. बाकी काही नाही आठवत."

परतीच्या गाडीत मी उभीच होते. कंडक्टर दोनदा म्हणाला, बाई, जागा आहे. मला बसवेना. प्रदर्शन संपलं की ते चित्र पुण्याच्या कुणा कारखानदाराच्या बंगल्यात परत जाणार होतं. ते त्याच्या मालकीचं होतं. तिथं पाहुणे येतील, लांबून बघतील, जवळून बघतील, रंगाचं कौतुक करतील. माझ्या आईनं तोंडानं जे कुणाला सांगितलं नाही ते तिनं भर उन्हात बसून दाखवलं होतं, आणि इतकी वर्षं इतक्या लोकांनी ते डोळे भरून पाहिलं आणि कुणाला दिसलं नव्हतं. मला दिसलं, तर मी तरी काय करणार होते? कुणाकडं जाणार होते? पोलिसांत? भावकीत? ती जाऊन तीस वर्षं होत आली होती. मला एकच माणूस होता ज्याच्याकडं मी आजवर प्रत्येक दुःख घेऊन गेले होते. आणि तो माणूस घरी माझी वाट बघत होता.

घरी पोचले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. आबा चुलीपुढं बसले होते. भाकरी थापत होते. गॅस होता घरात, पण भाकरी ते चुलीवरच करत. मी पाय धुतले, आत आले, भिंतीला टेकून बसले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. परातीतल्या पिठाला पाणी लावत राहिले.

"भेटला?"

"भेटले."

"काय म्हणाला?"

मला आडवळणानं विचारता आलं असतं. मला त्याचाही कंटाळा आला होता. "आबा, तुम्ही आईला मारलंत?"

त्यांचा हात थांबला. चुलीत लाकूड तडकलं.

"त्यानं सांगितलं?"

"त्यांनी काढलंय ते. तुम्ही बघितलंत की."

त्यांनी हाताचं पीठ परातीत झाडलं. मग म्हणाले, "व्हय. मारलं." आणि पुढं, "लोकं बोलाय लागली हुती. परक्यापुढं डोईवरचा पदर मागं घेतला म्हणून. तरणा हुतो. डोस्कं फिरलं."

"किती वेळा?"

"एकदाच," आबा म्हणाले. "तुझ्या गळ्याची आण, अन्सा. एकदाच."

ज्या माणसानं मला कधी खोटं बोलायला शिकवलं नाही, तो माझ्या गळ्याची आण घेऊन माझ्याकडं बघत होता. म्हातारे, धुरानं लाल झालेले डोळे. मी त्या पिवळ्या रंगाबद्दल काही बोलले नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण ते बोलून टाकलं असतं तर त्यानंतर त्या घरात मी कुणाशी बोलणार होते?

"त्या दिसापासनं ती माझ्याशी बोलली न्हाई," आबा आपणहून सांगायला लागले. "जेवाय वाढायची, काम करायची, तुला घ्यायची. पर शबूद न्हाई. मी पाया पडलो तिच्या. तापात पडली तवा म्हणलं, एकदा बोल. शिव्या दे, पर बोल. भिताडाकडं तोंड करून पडली ती पडलीच."

तवा तापून धुरायला लागला होता. त्यांनी भाकरी उचलून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. भाकरी अगदी गोल पडली.

"निपाणीहून तुला आणली तवा वाटंत सांगणार हुतो," ते म्हणाले. "ट्रंक डोक्यावर हुती म्हणून बरं. तोंड दिसत नव्हतं. तरीबी न्हाई जमलं."

मी भिंतीला टेकून तशीच बसून राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. राग येईल असं वाटलं, तोही धड आला नाही. आला की त्या तिरक्या वेणीपाशी येऊन थांबायचा. मला त्या घरातून उठून जायचं होतं, आणि जायला मला जगात दुसरं घर नव्हतं. आणि गेले असते तर त्या म्हाताऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं असतं?

भाकरी फुगली. आबांनी ती ताटात घातली, शेजारी लोणी ठेवलं, वांग्याची भाजी वाढली आणि ताट माझ्यापुढं सरकवलं. स्वतःसाठी वाढून घेतलं नाही. चुलीकडं तोंड करून बसून राहिले.

"खा," ते म्हणाले. "सकाळपासनं पोटात काय न्हाई तुझ्या."

खरंच नव्हतं. वाफेचा वास नाकात गेला. मी एक घास मोडला. मग दुसरा. आबांनी पुढची भाकरी तव्यावर टाकली होती, ती भाजली तसं त्यांनी मागं न वळता विचारलं, "वाढू?"

मी ताट पुढं केलं.